अर्ध्या बॉनेटला पट्टी

पट्टीच्या डब्यातल्या कागदावरची पहिली सूचना : बसवण्याआधी बॉनेट स्वच्छ पुसून कोरडं करावं.

ती पुसायलाच तर गेली होती.

शुक्रवारची सकाळ. शेजारच्या पंक्चरवाल्याकडे एक पांढरी पिकअप जॅकवर चढली होती आणि तिचं नाक थेट या दुकानाच्या दारात आलं होतं. आणि त्या बॉनेटवर काय नव्हतं? चिलटं, पतंग, चतुराचा एक अख्खा पंख, कुणाचं पिवळं, कुणाचं हिरवट. गाड्यांच्या सामानाच्या दुकानात वाढलेल्या मुलीला असलं काही बघवत नाही. हात शिवशिवतात. किड्यांचा रस उन्हात राहिला की रंग खातो, हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. तिने खांद्यावरचं फडकं स्पिरिटमध्ये बुडवलं, चार पावलं टाकली, फडकं टेकवणार एवढ्यात —

मनगट धरलं कुणीतरी.

घट्ट नाही. पण सोडायच्या बेतातही नाही.

"आज नको," तो म्हणाला.

मग त्याने स्वतःच्याच हाताकडे असं बघितलं, की हा हात कुणाचा आणि इथे काय करतोय. सोडला. नखांत ओली माती होती, शर्टाला पानांचा वास होता, आणि कान लाल होत चालले होते. तिने विचारलं, का नको? तो म्हणाला, राहू द्या. तिने विचारलं, रंग जाईल ना? तो म्हणाला, हो, जातोच आहे.

आता याच्यापुढे काय बोलणार माणूस? पण तिला आणखी एक दिसलं होतं. बॉनेटच्या पुढच्या काठाला खडूने चौकोन आखलेले. आठ. मोजून आठ, एका रांगेत.

हिच्या डोक्यात एकदा प्रश्न शिरला की तो भाडेकरूसारखा राहतो, हलत नाही. लहानपणी हिने दुकानातला चालू पंखा खोलून बघितला होता. तीच ही. वय तेवढं वाढलं होतं, आणि रस्त्यावरचे सगळे ड्रायव्हर आता तिला 'फिटर' म्हणत होते. नुसतं फिटर. नऊ वर्षांत तिच्या हातून एकही काच, एकही पट्टी तडकलेली नव्हती.

त्याने विषय बदलायला वर बघितलं. दारावर पट्ट्या टांगलेल्या होत्या, लांब, वाकलेल्या, एखाद्या मोठ्या चष्म्याच्या काचेसारख्या. डब्यावर त्यांना 'बग डिफ्लेक्टर' म्हणतात, दुकानात नुसतं पट्टी. बॉनेटच्या पुढच्या काठावर बसते, समोरून येणारा वारा वर उडवते, आणि वाऱ्याबरोबर किडेही गाडीवरून निघून जातात. त्याच्या ताईचं त्याला दोनदा सांगून झालं होतं, की बाबा रे, गाडीला ती पट्टी लावून घे. तरी त्याने विचारलं, या कशाच्या?

तिने सांगितलं.

"म्हणजे किडे वाचतात?"

"काही वाचतात. रंग नक्की वाचतो."

यावर तो इतका वेळ विचार करत उभा राहिला, की पंक्चरवाल्याला दोन हाका माराव्या लागल्या.



गुरुवार. दुपारचे चार.

पिकअप पुन्हा दारात. या वेळी चारही चाकं शाबूत. मागे वाफ्यातली रोपं ओळीने उभी. ताईची रोपवाटिका होती, आणि रोपं तळ्यापलीकडच्या गावांत पोचवायचं काम याचं.

त्याचा प्रश्न : पारदर्शक पट्टी घ्यावी की धुरकट?

तिचं उत्तर : पारदर्शक दिसत नाही, पण दोन वर्षांत पिवळी पडते. धुरकट उठून दिसते, पण म्हातारी होत नाही.

त्याचा पोटप्रश्न : आणि किड्यांना कोणती दिसते?

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. किड्यांनी अजून कळवलेलं नाही, असं तिने तोंडावर सांगितलं खरं. पण दिवे लागल्यावर दोन्ही पट्ट्या दारात शेजारी शेजारी टांगून, पतंग कुठल्या पट्टीवर जास्त बसतात हे बघत दोघंही तिथेच, पायरीवर...

बाबा गल्ल्यावरून बघत होते. बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला टोपणनाव ठेवायचे. याला त्यांनी 'चौकशी खिडकी' ठेवलं.



गुरुवार. दुपारचे चार.

प्रश्न : चिकटवायची की स्क्रूची?

ती म्हणाली, पिकअपला स्क्रूचीच बरी. शिवाय पट्टी आणि बॉनेट यांच्यात बोटभर फट ठेवायची असते, नाहीतर मध्ये धूळ अडकून घासत राहते.

"म्हणजे जवळ यायचं, पण टेकायचं नाही."

"तसंच."

"अवघड आहे."

"रबराच्या टिकल्या देतात मध्ये लावायला," ती म्हणाली, आणि एवढं साधं वाक्य बोलून झाल्यावर तिला उगाच स्टूल उचलून दुसरीकडे ठेवावंसं वाटलं.

चौकोनांचं तिने त्या दिवशी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, सांगेन, पण तुम्ही हसाल. ती म्हणाली, नाही हसणार. मग तर नाहीच सांगणार, तो म्हणाला. न हसता ऐकणारी माणसं फार धोक्याची.



गुरुवार. चारच.

प्रश्न : उंच की बुटकी?

याचं उत्तर तोंडी देता येईना. म्हणून तिने टेबलफॅन जमिनीवर ठेवला, समोर पट्टी धरली आणि उशीतला कापूस चिमटीचिमटीने सोडायला लागली. बुटक्या पट्टीपाशी कापूस जरासा उचलला जाई आणि मागे पडे. उंच पट्टीपाशी मात्र तो आदळता आदळता एकदम वर उसळे, छताला शिवून खाली यायला लागे. पुन्हा दाखवा, तो म्हणाला. तिने पुन्हा दाखवलं. पुन्हा. दोघं गुडघ्यांवर बसलेली, डोकी पंख्यापाशी, भुवयांत कापूस. बाबांना शिंका आल्या. एक गिऱ्हाईक दारात आलं, आत बघितलं आणि नंतर येतो म्हणून गेलं.

निघताना तो म्हणाला, मग घेतो मी, एक-दोन दिवसांत ठरवून...

"घाई नाही," ती म्हणाली. "नीट विचार करा."

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. तीस वर्षांत या दुकानात गिऱ्हाइकाला 'नीट विचार करा' असं कुणी म्हटलं नव्हतं.

खरं सांगायचं तर पट्टी बसवायला लागतात चाळीस मिनिटं. पुसा, टिकल्या लावा, स्क्रू आवळा, झालं. पुढची पाच-सात वर्षं कुणी परत येत नाही. चांगल्या फिटिंगची खूणच ती. आणि ती रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या हाच हिशेब करायची : पट्टी बसली की हा कशाला येईल? आपल्या हातांनी ती बसवायची, आणि आपल्याच हातांनी हे चार वाजणं बंद करायचं... आणि तो इतके प्रश्न विचारतो ते पट्टीसाठीच विचारतो का? की —

तो शेवटचा प्रश्न मात्र तिने कुणालाच विचारला नाही.



चौथ्या गुरुवारी चार वाजायची वाट बघावी लागली नाही. सकाळी दहालाच पिकअप आली, आणि चालवत होती ताई. तो शेजारी बसलेला, शाळेतून पकडून आणल्यासारखा.

ताई उंच होती, बुटांना चिखल होता, आणि बोलणं कात्रीसारखं. तिने आधी बाबांना नमस्कार केला, मग फिटरला आपादमस्तक न्याहाळलं. मग म्हणाली, की महिना झाला याला एक पट्टी लावून आण म्हणून पाठवतेय. त्याच दिवशी बी पेरलं असतं तर एव्हाना चार पानं आली असती.

"बघतोय ना, ताई, कोणती—"

"तू गप." ती फिटरकडे वळली. "तुम्हाला याने सांगितलं नसेल. याला पट्टी नकोच आहे. चार वर्षं झाली, दर गुरुवारी संध्याकाळी हा तळ्याच्या रस्त्याने येतो आणि बॉनेटवरचे मेलेले किडे मोजतो. चौकोन आखून. एकदा संध्याकाळी, एकदा दुसऱ्या दिवशी उन्हात. म्हणून पुसत नाही, म्हणून माझ्या गाडीचा रंग गेला. वही आहे त्याची. ताप आला तरी गुरुवार चुकवत नाही. पट्टी लावली की आकडे बिघडतील, म्हणून टोलवतोय तुम्हाला. तेवढंच."

तेवढंच.

एरवी तिला आनंद व्हायला हवा होता. महिनाभर डोक्यात राहिलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. पण त्या उत्तराने जाता जाता दुसऱ्याही प्रश्नाचा निकाल लावला. पतंग, टिकल्या, कापूस. सगळं किड्यांसाठी. आपण मध्ये कुठेच नव्हतो.

"तसं नाहीये," तो म्हणाला. "म्हणजे पहिल्यांदा तसंच होतं, पण..."

"धुरकट की पारदर्शक?" तिने ताईला विचारलं. दुकानदाराच्या आवाजात.

धुरकट, ताई म्हणाली. उंच. स्क्रूची. आत्ताच्या आत्ता. तीन आठवड्यांचे तीन प्रश्न तिने एका दमात मिटवले.



कागदावरची सहावी सूचना : स्क्रू हाताच्या जोराने बसेल इतकाच आवळावा.

हे तिला कागदाने सांगायची गरज नव्हती. पट्टीखालचं रबर दबलं की थांबायचं, वर पाव फेरा. बस. डाव्या बाजूचे तीन स्क्रू तिने तसेच आवळले. तो बाजूला उभा होता, काहीतरी सांगायच्या बेतात, आणि ती काही ऐकायच्या बेतात नव्हती. मग आला मधला. पाव फेरा झाला. तिच्या मनात आलं, ताप आला तरी चुकवत नाही म्हणे. आणखी पाव. तेवढंच म्हणे. आणखी —

कट्.

मोठा आवाज नव्हता. पण बाबांनी मान वर केली, कारण हा आवाज या दुकानात नऊ वर्षांत झाला नव्हता. मधल्या भोकातून एक तडा निघाला आणि सरळ वरच्या काठापर्यंत गेला. पट्टी जवळजवळ दुभंगली.

तिने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. माझ्या हातून झालंय, ती ताईला म्हणाली, दुसरी बसवून देईन. पण या गाडीची पट्टी दुकानात एवढीच होती, मागवली की दहा दिवसांत येते. ताईने डोळे मिटले आणि सावकाश उघडले.

आणि तो वाकला. तड्यावरून बोट फिरवलं, वरून खाली, खालून वर. त्याच्या चेहऱ्यावर कापूस उडवतानाचं ते कुतूहल आलं.

"इथून सरळ कापली तर?"

"अर्धी राहील," ती म्हणाली.

"डावी अर्धी. ती घट्ट आहे ना?"

"तीन स्क्रूंवर आहे. कुठे जात नाही."

"म्हणजे डावीकडे पट्टी आणि उजवीकडे काही नाही. गाडी तीच, रस्ता तोच, वेग तोच, संध्याकाळही तीच." तो आता कुणाशी बोलत होता कोण जाणे. "चार वर्षं मी नुसता मोजतोय. आकड्याच्या शेजारी ठेवायला दुसरा आकडाच नव्हता."

तिला रागवायचं होतं. मनापासून रागवायचं होतं. पण तो प्रश्न शिरला ना डोक्यात. उजवी बाजू जुन्या आकड्यांशी जुळणार, डावी सांगणार पट्टीने किती वाचतात... "मधले दोन चौकोन सोडून द्या," ती बोलून गेली. "कापलेल्या काठापाशी वारा तिरका होईल. कडेचे तीन-तीनच धरा. आणि काठाला रबर लावावं लागेल, नाहीतर साठच्या वर शिट्टी वाजेल."

"किती जाड रबर?"

"थांबा, दाखवते."

ताईने बाबांकडे बघितलं. बाबांनी ताईकडे. ताई म्हणाली, या दोघांना एकाच डॉक्टरकडे नेलं तर काही सूट मिळते का हो?

अर्ध्या तासात पट्टी कापून, काठाला रबर लावून झालं. गाडी एक भुवई उडवून बघतेय अशी दिसत होती. ताईने दहा दिवसांची मुदत दिली, किल्ली त्याच्या हातात टेकवली आणि पंक्चरवाल्याकडच्या रिक्षात जाऊन बसली. मागे रोपं होती. पलीकडच्या गावात पोचवून संध्याकाळी परत यायचं होतं.

"आता बाजू दोन झाल्या," तो पट्टीला म्हणाला. तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती. "एकाच वेळी मोजायच्या तर... माणसंही दोन लागतील."

ती उरलेले स्क्रू डब्यात भरत राहिली.

"फिटिंग नवीन असलं की फिटरने एकदा गाडीतून जाऊन बघायचं असतं," बाबा गल्ल्यावरून म्हणाले. "आपल्या दुकानाची पद्धत आहे ती."

अशी कुठलीही पद्धत नव्हती.



जाताना ती फक्त पट्टीबद्दल बोलली. रोपं उतरली, पावत्या झाल्या, आणि परतीच्या वाटेवर सूर्य तळ्याच्या पाण्यावर टेकायला आला. तो म्हणाला, आता. इथून पुढे अठरा किलोमीटर. काटा पन्नासवर.

आधी एकच टिक. मग टिक टिक. मग उजवीकडे बारीक वाळू फेकल्यासारखा आवाज सुरू झाला. ती पुढे झुकली. डावीकडे चिलटांचा पुंजका थेट अंगावर येत होता, आणि पट्टीपाशी पोचता पोचता कुणीतरी काखेत हात घालून उचलल्यासारखा वर... काचेवरून, टपावरून, मागे.

"गेले," ती म्हणाली. "दिसले का? गेले."

दिसले, तो म्हणाला. मग आपण होऊन सांगायला लागला. लहानपणी तो मामाबरोबर याच रस्त्याने यायचा. मामा दर अर्ध्या तासाने गाडी थांबवायचा आणि याला काच पुसायला उतरवायचा, इतके किडे. मग मधली काही वर्षं गेली, आणि चार वर्षांपूर्वी एकदा गाडी चालवताना त्याच्या लक्षात आलं, की आपण काच पुसायला थांबलोच नाही. मग कुठे गेले सगळे? ताईला विचारलं तर ती म्हणाली, बरं झालं गेले. त्याला काही ते बरं वाटेना. म्हणून खडू घेतला.

"आणि कळलं, कुठे गेले?"

"नाही. एवढंच कळलं, की दर वर्षी आणखी कमी होतायत."

ती हसली नाही. तो म्हणाला होता तशी ती धोक्याचीच निघाली.

तळ्याच्या टोकाला पेट्रोलपंप होता. तिथे त्याने गाडी उभी केली. उजेड अजून होता. ती डावीकडे, तो उजवीकडे. दोघं वाकून, ओठांत पुटपुटत.

"सात," ती म्हणाली.

"एकतीस." आणि त्याने असा श्वास सोडला, की जणू मधल्या चोविसांना आपणच वाचवून आणलंय. "वही पुढच्या खणात आहे. लिहिता का? माझे हात भरलेत."

तिने वही काढली. जाड पुठ्ठ्याची, कोपरे मऊ पडलेली. तारीख, आकडा, शेरा. तारीख, आकडा, शेरा. पानामागून पान गुरुवार. शेऱ्यात कुठे 'धुकं', कुठे 'समोर बस होती', कुठे 'ताप'. तापाच्या पुढेही आकडा होताच. ती शेवटच्या पानावर आली.

तिथे तीन तारखांपुढे आकडा नव्हता. रेघ होती. एकाखाली एक, तीन रेघा. शेऱ्याचे तीन रकाने कोरे.

"हे तीन गुरुवार?"

तो फडक्याने हात पुसत होता. पुसून झाले होते, तरी पुसत होता.

"गाडी या रस्त्यावर नव्हती."

"कुठे होती?"

"तुमच्या दारात."

पंपावर कुणीतरी गाडी चालू केली, ती गेली. तिने पुन्हा रेघांकडे बघितलं. "पण ताई म्हणाल्या," ती म्हणाली, "आकडे बिघडू नयेत म्हणून..."

"पहिल्या दिवशी तेच मनात होतं. रंगाचं विचारून वेळ काढायचा आणि साडेचारला निघायचं. मग तुम्ही ते पतंग बघायला पट्ट्या टांगल्यात आणि मी घड्याळ बघायचं विसरलो." तो थांबला. "दुसऱ्या गुरुवारी बघितलं होतं घड्याळ. बघूनही बसलो."

"आणि तिसऱ्या?"

"तिसऱ्या गुरुवारी रोपं गाडीत भरलीच नव्हती."

तिने वही मिटली.

"चाळीस मिनिटांचं काम असतं ते," ती म्हणाली. "पट्टीचं. चाळीस. तीन आठवडे गाडी दारात येत होती... आणि मी एकदाही म्हटलं नाही, की घ्या आत."

"मला वाटायचं, चांगलं फिटिंग असंच सावकाश ठरवतात."

"कुणीच तसं ठरवत नाही."

तो हसला. मग हसू जागच्या जागी राहिलं आणि डोळे गंभीर झाले. "आणि दहा दिवसांनी पूर्ण पट्टी आली, की?"

"मागवली की दहा दिवसांत येते, असं म्हटलं मी ताईंना."

"मग?"

"मागवली कुठे?"

त्याने वर बघितलं, पण या खेपेला विषय बदलायला तिथे पट्ट्या टांगलेल्या नव्हत्या.

"नको मागवूस," तो म्हणाला. 'तुम्ही' कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही. "एका संध्याकाळवरून काहीच सिद्ध होत नाही. वर्षभर तरी मोजायला हवं. पावसात, थंडीत, सगळं."

"दर गुरुवारी?"

"डावी बाजू तुझी."

ती परत पट्टीपाशी गेली, वाकली, पहिल्या चौकोनापासून पुन्हा सुरुवात केली. काम घेतलं की ते नीट करायचं, ही तिची सवय.

"आठ," ती म्हणाली. "एक मोजायचं राहिलं होतं. पट्टीच्या आतल्या बाजूला."

"दाखव."

तो फिरून तिच्या बाजूला आला. चिलट खरंच होतं, एवढंसं, रबराच्या टिकलीला चिकटलेलं. दोघांनी वाकून नीट बघितलं. मग बघून झाल्यावरही, खांद्याला खांदा लावून, बराच वेळ वाकलेलीच राहिली.